२८६ की ३८६? रिसेप्टर प्रथिनांच्या अनुक्रमांची ऑनलाइन तुलना

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. मानवी बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर आणि डोपामिन डी२ रिसेप्टर या, पेशीच्या पृष्ठभागावर संदेश स्वीकारणाऱ्या दोन प्रथिनांचे अनुक्रम (अमिनो आम्लांचे क्रम) तुम्ही तीन वेगवेगळ्या ऑनलाइन साधनांत घालून पाहिले. तिन्हींनी साम्याची टक्केवारी वेगवेगळी दाखवली, म्हणून यांपैकी कोणते साधन विश्वासार्ह आहे असे तुम्ही विचारता. शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिली आहे की, बीटा-२ मधील २८६व्या स्थानावरील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या जागी अ‍ॅलनिन घालण्याचा जो प्रयोग झाला, तोच तुमच्या मार्गदर्शकांना डी२ मध्ये करून हवा आहे. पण डी२ मध्ये २८६ क्रमांकावर ट्रिप्टोफॅन नाहीच. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे. टक्केवारीचा घोळ दहा मिनिटांत सुटतो. परंतु एका रिसेप्टरमधल्या अमिनो आम्लाच्या समोर दुसऱ्या रिसेप्टरमधले कोणते अमिनो आम्ल येते, हे चुकले तर सहा महिन्यांचे काम वाया जाते. मी गेली अनेक वर्षे या कुळातील रिसेप्टरांवर काम करते आणि विद्यार्थ्यांची चूक मी बहुतेक वेळा याच ठिकाणी झालेली पाहिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करते. ‘रिसेप्टर’ या एका शब्दाखाली इतकी वेगवेगळी प्रथिने येतात की सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. टी-पेशींच्या रिसेप्टरांची तुलना करायची असेल, तर तिथे जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडून प्रत्येक पेशीत नवा अनुक्रम तयार होतो. त्यासाठी आयएमजीटीसारखा वेगळा संग्रह आणि त्याची वेगळी क्रमांकनपद्धती आहे. इन्सुलिन किंवा ईजीएफआर (पेशीवाढीचा संकेत घेणारा रिसेप्टर) यांसारख्या रिसेप्टरांमध्ये पेशीबाहेरचा भाग आणि आतला कायनेज (फॉस्फेट जोडणारा) भाग हे जणू दोन स्वतंत्र प्रथिनांसारखे पाहावे लागतात. तुमची दोन्ही प्रथिने मात्र पेशीच्या आत संकेत पोहोचवणाऱ्या जी-प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरांच्या, म्हणजे जीपीसीआरच्या, ‘अ’ वर्गातील आहेत. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या या प्रथिनांची मानवात सुमारे ८०० जनुके आहेत आणि त्यांतली जवळपास निम्मी गंध ओळखण्याच्या कामाची आहेत. पुढचे सगळे विवेचन या वर्गापुरते आहे असे समजावे.

आधी टक्केवारीचे पाहू. तुम्ही वापरलेली साधने खोटे बोलत नाहीत. ती वेगवेगळ्या संख्यांनी भागत आहेत. ईबीआय या युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या संकेतस्थळावरील नीडल हे साधन १९७० च्या नीडलमन–वुन्श पद्धतीने दोन्ही अनुक्रम (त्यांत प्रत्येक अमिनो आम्ल एका अक्षराने लिहितात) पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत समोरासमोर मांडते आणि जुळलेल्या अक्षरांची संख्या, मधल्या सर्व गॅप (जुळवण्यासाठी सोडलेल्या रिकाम्या जागा) धरून, अलाइनमेंटच्या, म्हणजे या समोरासमोरच्या मांडणीच्या, एकूण लांबीने भागते. ब्लास्ट हे मुळात शोधाचे साधन आहे. ते जिथे साम्य चांगले दिसते तेवढाच तुकडा उचलते आणि त्या तुकड्याच्या लांबीने भागते. समजा एकूण १०० अक्षरे जुळली. गॅपसह पूर्ण लांबी ५०० असेल तर उत्तर २० टक्के येईल. २८० अक्षरांच्या तुकड्यात तीच १०० अक्षरे असतील तर उत्तर ३६ टक्क्यांच्या आसपास जाईल. आणि केवळ पटलातून आरपार जाणाऱ्या सात हेलिक्सांची (मळसूत्री तुकड्यांची) २०० अक्षरे घेतली व त्यांत ८० जुळली, तर ४० टक्के म्हणता येईल. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तुमच्या तीन उत्तरांमागचे कारण नेमके हेच आहे. त्यामुळे प्रबंधात नुसती टक्केवारी लिहू नये. कोणता भाग घेतला आणि कशाने भागले हे सोबत लिहावे.

ब्लास्टच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. दोन रिसेप्टरांमधला एखादा लूप (दोन हेलिक्सांना जोडणारा तुकडा) लांबीने फार वेगळा असेल, तर ब्लास्ट अनेकदा साम्य दोन तुकड्यांत दाखवते, म्हणजे पहिल्या पाच हेलिक्सांचा एक तुकडा आणि शेवटच्या दोन हेलिक्सांचा दुसरा. विद्यार्थी पहिला तुकडा वाचतात आणि पान बंद करतात. तुम्हाला हवे असलेले ट्रिप्टोफॅन सहाव्या हेलिक्समध्ये आहे, म्हणजे कदाचित तुम्ही न वाचलेल्या तुकड्यात.

आता २८६ कडे वळते. बीटा-२ हे ४१३ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. युनिप्रोट या प्रथिनांच्या संग्रहात त्याची नोंद पी०७५५० या क्रमांकाने आहे. डी२ चा लांब प्रकार ४४३ अमिनो आम्लांचा असून त्याची नोंद पी१४४१६ आहे. लांबीत फरक केवळ ३० चा दिसतो, म्हणून दोन्ही अनुक्रम साधारण सारख्याच पावलांनी चालत असतील असा समज होतो. प्रत्यक्षात तसे नाही. तिसऱ्या हेलिक्समधील ज्या अ‍ॅस्पार्टेटला अ‍ॅड्रेनलिन किंवा डोपामिन यांचा धनभारित नायट्रोजन धरून बसतो, ते बीटा-२ मध्ये ११३ वर आणि डी२ मध्ये ११४ वर आहे, म्हणजे केवळ एका अंकाचा फरक. पाचव्या हेलिक्समधील सेरीन बीटा-२ मध्ये २०३, २०४ आणि २०७ वर आहेत. डी२ मध्ये तीच १९३, १९४ आणि १९७ वर येतात, म्हणजे इथे डी२ दहा अंकांनी मागे पडला, कारण मधला बाहेरचा लूप त्याच्यात आखूड आहे. आणि सहाव्या हेलिक्समध्ये पोहोचेपर्यंत तो तब्बल १०० अंकांनी पुढे गेलेला असतो. बीटा-२ चे ट्रिप्टोफॅन २८६ म्हणजे डी२ चे ट्रिप्टोफॅन ३८६. सातव्या हेलिक्समध्येही हाच शंभराचा फरक टिकतो: ३२६ चे टायरोसिन तिकडे ४२६ वर आहे.

हा शंभराचा उलटफेर पाचव्या आणि सहाव्या हेलिक्सच्या मधल्या, पेशीच्या आत लोंबणाऱ्या तिसऱ्या लूपमध्ये होतो. बीटा-२ मध्ये तो लूप साधारण ५० अमिनो आम्लांचा आहे, तर डी२ च्या लांब प्रकारात दीडशेहून थोडा अधिक. डी२ मधले २८६ वे स्थान या लूपच्या मध्यावर कुठेतरी येते; तिथे बदल केला असता तर प्रयोग झाला असता, आलेखही निघाले असते, पण त्यांचा मूळ प्रश्नाशी काही संबंध उरला नसता. मग एकूण लांबीत फरक तीसच का? कारण शेपटीचा हिशेब उलटा आहे. सातव्या हेलिक्समधल्या त्या टायरोसिननंतर बीटा-२ मध्ये अजून ८७ अमिनो आम्ले शिल्लक असतात, डी२ मध्ये फक्त १७. लूपने दिले ते शेपटीने परत घेतले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रथिने सारख्याच उंचीची वाटली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: पूर्ण अनुक्रम जसाच्या तसा साधनात घातला, तर जिथे तुलना करण्यासारखे काहीच नाही अशा भागांचीही तुलना साधन निमूटपणे करून देते. एन-टोक (प्रथिनाची सुरुवात), तिसरा आतला लूप आणि सी-टोकाची (शेवटाकडची) शेपटी यांची लांबी व घडण रिसेप्टरागणिक बदलते. दुसरा बाहेरचा लूपही, त्यातले एक सिस्टीन सोडले तर, अनुक्रमावरून जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. अर्थपूर्ण तुलना मुख्यतः सात हेलिक्सांची होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी दोन्ही अनुक्रम कापायला सांगते: युनिप्रोटच्या नोंदीत पटलातील भागांच्या सीमा दिलेल्या असतात, त्या धरून तिसरा लूप आणि दोन्ही टोके वगळावीत आणि मग अलाइनमेंट करावी. हे हाताने करणे कंटाळवाणे वाटले, तरी पहिल्या वेळी ते एकदा करावे. कोणता तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यातून जेवढे अंगवळणी पडते तेवढे तयार उत्तर वाचून पडत नाही.

त्यानंतर मात्र जीपीसीआरडीबी हे संकेतस्थळ वापरावे. तुमच्या कामासाठी मी एकच साधन सुचवायचे ठरवले तर ते हेच. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झालेला हा संग्रह आज कोपनहेगन विद्यापीठातील गट सांभाळतो. त्यात रिसेप्टर निवडायचे, मग कोणते भाग हवेत ते निवडायचे, म्हणजे उदाहरणार्थ फक्त हेलिक्स १ ते ७, आणि मग समोर जी अलाइनमेंट येते ती केवळ अक्षरांच्या साम्यावरून केलेली नसते. प्रयोगाने ठरवलेल्या त्रिमितीय रचनांशी ताडून दुरुस्त केलेली असते. सामान्य साधनाला फक्त अक्षरे दिसतात. हेलिक्स कुठे संपते आणि लूप कुठे सुरू होतो हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे ते हेलिक्सच्या मध्यावरही निःसंकोचपणे गॅप ठेवते. रचना पाहिलेल्या माणसाला ती गॅप लगेच खटकते.

या संग्रहात प्रत्येक स्थानाला एक सामाईक क्रमांक दिलेला असतो. ही कल्पना बालेस्टेरॉस आणि वाइनस्टाइन यांनी १९९५ मध्ये मांडली. प्रत्येक हेलिक्समधील सर्वाधिक टिकून राहिलेल्या अमिनो आम्लाला ५० हा क्रमांक द्यायचा आणि त्याच्या मागेपुढे मोजत जायचे, एवढीच ती युक्ती आहे. तिसऱ्या हेलिक्समधील आर्जिनिन ३.५० झाले, सहाव्या हेलिक्समधील प्रोलिन ६.५० झाले, आणि त्याच्या दोन घरे आधीचे ट्रिप्टोफॅन ६.४८ झाले. बीटा-२ चे २८६ आणि डी२ चे ३८६ ही दोन्ही ६.४८ आहेत. क्रमांक प्रथिनागणिक बदलतो, पण पत्ता बदलत नाही.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात मीही एकदा पडले आहे. काही हेलिक्सांमध्ये एखादे अमिनो आम्ल फुगवटा येऊन जास्तीचे बसलेले असते, तर कुठे एखादे कमी असते. मग केवळ अक्षरे मोजून दिलेला क्रमांक आणि रचनेत प्रत्यक्ष समोर येणारे स्थान यांच्यात एका घराचा फरक पडतो. म्हणून जीपीसीआरडीबीने २०१५ मध्ये रचनेवर आधारलेले सुधारित क्रमांक आणले; त्यांत बिंदूऐवजी फुलीसारखे चिन्ह असते. बीटा-२ चे सेरीन २०३ हे जुन्या पद्धतीने ५.४२ आहे, तर नव्या पद्धतीने ५×४३. सेरीन २०७ हे ५.४६ आहे, तर नव्या पद्धतीने ५×४६१, कारण फुगवट्यात बसलेले ते जास्तीचे घर हेच आहे. एका शोधनिबंधातला ५.४२ आणि दुसऱ्यातला ५×४३ हे वेगळे समजून कोणी दोघांची तुलना करू लागले, तर एकाच अमिनो आम्लाची त्याच्याशीच तुलना होईल. सुदैवाने सहाव्या हेलिक्समधील तुमच्या स्थानाला ही अडचण नाही, तरी तक्ता करताना दोन्ही पद्धती एकाच स्तंभात मिसळू नयेत.

आता साधनांबद्दल. क्लस्टल ओमेगा, मसल, मॅफ्ट, टी-कॉफी ही चारही नावे तुमच्या वाचनात आली असतील आणि ही चारही ईबीआयच्या संकेतस्थळावरून विनामूल्य चालवता येतात. युनिप्रोटमधील ‘अलाइन’ हे बटण दाबले की आतून क्लस्टल ओमेगाच चालते. माझा अनुभव असा की जवळच्या कुळातील रिसेप्टर असतील, तर सात हेलिक्सांपुरते ही चारही साधने जवळपास एकच उत्तर देतात. मतभेद होतात ते लूपमध्ये आणि तिथे कोणाचेच फारसे ऐकायचे नसते. फक्त दोनच अनुक्रम घेतले तर चुकीची शक्यता वाढते, हे मात्र लक्षात ठेवावे. तुमच्या दोन रिसेप्टरांसोबत बीटा-१, बीटा-३, डी३, डी४, एखादा सेरोटोनिन रिसेप्टर असे आठ-दहा नातेवाईक घातले, की मधले दुवे मिळतात आणि गॅप योग्य ठिकाणी सरकतात. दूरच्या दोन भावंडांना शेजारी उभे केले तर साम्य दिसत नाही, सगळे कुटुंब उभे केले की दिसते, तसे हे आहे. पटलातील प्रथिनांसाठी म्हणून टी-कॉफीचा जो टीएम-कॉफी हा प्रकार आहे, तो हेच काम आपणहून करतो: तुम्ही दिलेल्या अनुक्रमांचे नातेवाईक संग्रहातून शोधतो आणि त्यांच्या आधारे जुळवतो. तो वेळ घेतो. पण एखादा दूरचा रिसेप्टर हट्टाने जुळत नसेल तेव्हा मी त्याच्याकडे जाते.

पटलातील प्रथिनांना अशी वेगळी वागणूक का लागते, हेही सांगायला हवे. बहुतेक साधने अक्षराला अक्षर किती गुण द्यायचे हे ब्लोसम६२ नावाच्या तक्त्यावरून ठरवतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा तक्ता सर्वसाधारण प्रथिनांच्या टिकून राहिलेल्या तुकड्यांवरून बनवलेला आहे. पेशीपटलाच्या तेलकट अंतर्भागात मात्र ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलनिन यांचीच गर्दी असते. त्यामुळे एकमेकांशी काहीही नाते नसलेली पटलातील दोन प्रथिने केवळ या गर्दीमुळे सारखी भासू शकतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की हेलिक्समध्ये ल्युसिनसमोर आयसोल्युसिन आले म्हणून हुरळून जाऊ नये; प्रोलिन, ट्रिप्टोफॅन, भार असलेले अ‍ॅस्पार्टेट किंवा आर्जिनिन समोरासमोर आले, तर त्याला किंमत द्यावी.

आणि इथेच अलाइनमेंट बरोबर आहे की नाही हे तपासण्याची सोपी कसोटी मिळते. ‘अ’ वर्गातील सात हेलिक्सांचे सात खुंट, म्हणजे वर ५० क्रमांक दिलेली अमिनो आम्ले, ठरलेले आहेत: पहिल्या हेलिक्सपासून क्रमाने अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅस्पार्टेट, आर्जिनिन, ट्रिप्टोफॅन, प्रोलिन, प्रोलिन, प्रोलिन. बीटा-२ मध्ये ते ५१, ७९, १३१, १५८, २११, २८८ आणि ३२३ वर आहेत. डी२ च्या लांब प्रकारात ५२, ८०, १३२, १६०, २०१, ३८८ आणि ४२३ वर. तुमच्या तिन्ही साधनांनी दिलेल्या अलाइनमेंट पुन्हा उघडा आणि हे सात खुंट एकाच स्तंभात येतात का ते बोट ठेवून पाहा. सातही जुळले तर साधन कोणतेही असो, ती अलाइनमेंट वापरण्याजोगी आहे. एखादा जुळला नाही, तर त्या हेलिक्सपुरती ती टाकून द्यावी, मग टक्केवारी कितीही देखणी असो. शिवाय खुंटांच्या आसपास ओळखीचे शब्द असतात. तिसऱ्या हेलिक्सच्या शेवटी डी-आर-वाय, सातव्या हेलिक्सच्या शेवटी एन-पी-एक्स-एक्स-वाय (एक्स म्हणजे कोणतेही अमिनो आम्ल). तुमच्या ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही: बीटा-२ मध्ये २८५ पासून आणि डी२ मध्ये ३८५ पासून सी-डब्ल्यू-एल-पी-एफ-एफ-आय ही सात अक्षरे एकही न बदलता ओळीने येतात; त्यातील डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन.

अर्थात खुंटांनाही अपवाद असतात आणि अपवाद दिसला की लगेच अलाइनमेंटला दोष देऊ नये. र्‍होडॉप्सिन या डोळ्यातील प्रकाश ओळखणाऱ्या रिसेप्टरमध्ये डी-आर-वाय ऐवजी ई-आर-वाय आहे. जीएनआरएच या संप्रेरकाच्या रिसेप्टरमध्ये तर दुसऱ्या हेलिक्सचे अ‍ॅस्पार्टेट आणि सातव्या हेलिक्समधील ७.४९ चे अ‍ॅस्पॅराजिन यांनी चक्क जागा बदललेल्या आहेत. अनुक्रमाच्या भाषेत हे दोन दोष दिसतात. रचनेत पाहिले तर ही दोन अमिनो आम्ले एकमेकांच्या शेजारी येतात, त्यामुळे एकाने जागा सोडली ती दुसऱ्याने भरून काढली असा अर्थ लागतो. टक्केवारी मोजणारे साधन इथे दोन गुण कापते, जीवशास्त्र कदाचित एकही कापणार नाही.

याच्या उलटही घडते आणि औषधांच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. मानवी बीटा-१ आणि बीटा-२ यांचे पूर्ण अनुक्रम सुमारे ५४ टक्के सारखे आहेत, म्हणजे जवळपास निम्मी अक्षरे वेगळी. पण अ‍ॅड्रेनलिन जिथे बसते त्या खिशाच्या भिंती पाहिल्या तर दोघांत जवळजवळ काहीच फरक नाही. फरक खिशाच्या तोंडाशी आहेत, उदाहरणार्थ ७.३५ या स्थानी बीटा-२ मध्ये टायरोसिन ३०८ आहे, तर बीटा-१ मध्ये फेनिलअ‍ॅलनिन ३५९. हृदयावर (मुख्यतः बीटा-१) काम करणारे औषध फुप्फुसाला (मुख्यतः बीटा-२) त्रास देऊ नये यासाठी रसायनतज्ज्ञ जी खटपट करतात, तिला अशा मोजक्या स्थानांचाच आधार असतो. कोणी ५४ टक्के हा आकडा घेऊन ‘हे रिसेप्टर अर्धेच सारखे आहेत, निवडक औषध सहज बनेल’ असे म्हणाले, तर ते दिशाभूल करणारे ठरेल. म्हणूनच मी टक्केवारीबद्दल इतकी उदासीन आहे.

अनुक्रम कुठून घ्यावा, हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण सर्वांत हास्यास्पद चुका तिथेच होतात. एकदा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला. त्याला बीटा-२ चे नाते एका जिवाणूभक्षी विषाणूच्या प्रथिनाशी सापडले होते. त्याने अनुक्रम प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून, २आरएच१ या नोंदीतून घेतला होता. २००७ मधील ही बीटा-२ ची प्रसिद्ध रचना आहे, पण स्फटिक मिळावेत म्हणून संशोधकांनी त्यातील तिसरा आतला लूप काढून त्या जागी टी४ विषाणूचे लायसोझाइम घातले होते, शेपटीही कापली होती. ब्लास्टने तो लायसोझाइमचा तुकडा इमानेइतबारे ओळखला होता, एवढेच. मी हसले नाही, कारण त्याने निदान निकाल वाचला होता. तात्पर्य, तुलनेसाठी अनुक्रम युनिप्रोटमधूनच घ्यावा, रचनेच्या नोंदीतून नव्हे.

युनिप्रोटमध्येही प्रकार पाहावा लागतो. डी२ चे लांब आणि आखूड असे दोन प्रकार असून आखूड प्रकारात तिसऱ्या लूपमधील २९ अमिनो आम्ले, लांब प्रकाराच्या क्रमांकाने २४२ ते २७०, नसतात. त्यामुळे आखूड प्रकारात तेच ट्रिप्टोफॅन ३५७ वर येते. एखाद्या निबंधात ३५७ दिसले तर तो छपाईचा दोष समजू नका. असाच घोळ संकेत-पेप्टाइड (सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा तुकडा) असणाऱ्या रिसेप्टरांत होतो: ईजीएफआरमधील फुप्फुसाच्या कर्करोगात नेहमी उल्लेखला जाणारा ८५८ चा बदल काही जुन्या निबंधांत ८३४ म्हणून येतो, कारण तिथे सुरुवातीची २४ अमिनो आम्ले वगळून मोजलेले असते. आणि बीटा-२ च्या १६व्या स्थानी तुम्हाला कुठे आर्जिनिन तर कुठे ग्लायसिन दिसले, तर दोन्ही बरोबर आहेत. माणसामाणसांत तिथे हा फरक सर्रास आढळतो.

जर पुढे कधी तुमचा रिसेप्टर ‘ब’ किंवा ‘क’ वर्गातल्या रिसेप्टरशी ताडायची वेळ आली, तर केवळ अनुक्रमावर विसंबून चालणार नाही. साम्य २०-२५ टक्क्यांच्या खाली गेले की अक्षरांची जुळवणी नशिबावर सोडल्यासारखी होते. तेव्हा रचनाच एकमेकींवर ठेवून पाहाव्या लागतात. त्यासाठी फोल्डसीक किंवा डाली ही ऑनलाइन साधने आहेत, आणि प्रयोगाने ठरवलेली रचना नसेल तर अल्फाफोल्डच्या संग्रहातील भाकीत केलेली रचना चालते, फक्त त्यातले लांब लूप आणि शेपट्या गांभीर्याने घेऊ नयेत. तुमच्या सध्याच्या कामाला याची गरज नाही.

एक सूचना गोपनीयतेची. मानवी बीटा-२ आणि डी२ जगजाहीर आहेत, ते कुठेही टाका. पण तुमच्या प्रयोगशाळेने स्वतः शोधलेला, अद्याप प्रसिद्ध न झालेला अनुक्रम असेल, तर तो ऑनलाइन साधनात घालण्यापूर्वी मार्गदर्शकांना विचारावे. मॅफ्ट किंवा मसल स्वतःच्या संगणकावरही चालतात आणि निकाल जालव्ह्यू या प्रणालीत उघडून पाहता येतो. ऑनलाइन केलेल्या कामाचे निकाल सर्व्हरवर कायमचे राहत नाहीत, म्हणून ते त्याच दिवशी उतरवून घ्यावेत आणि वहीत साधनाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि युनिप्रोटचा क्रमांक लिहावा.

आता तुमच्या मूळ कामाकडे. डी२ च्या लांब प्रकारात बदल करायचे स्थान ३८६ आहे, आखूड प्रकारात ३५७. तक्त्यात दोन्हींसमोर ६.४८ लिहावे. परंतु प्राइमरची (बदल घडवण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) ऑर्डर देण्याआधी तुमच्या फ्रीझरमध्ये असलेल्या प्लाझ्मिडचा (रिसेप्टरचे जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाचा) अनुक्रम प्रत्यक्ष वाचून घ्या. त्यात कोणता प्रकार आहे हे नळीवरच्या चिठ्ठीवरून ठरवू नका. शिवाय पुष्कळ प्लाझ्मिडांत सुरुवातीला फ्लॅगसारखा टॅग (ओळखीसाठीचा छोटा तुकडा) जोडलेला असतो आणि मग सगळे क्रमांक पुन्हा पुढे सरकतात. म्हणून आकडा मोजत बसण्यापेक्षा भाषांतरित अनुक्रमात सी-डब्ल्यू-एल-पी-एफ-एफ-आय शोधावे, त्यातील डब्ल्यूवर यावे आणि त्याखालचा कोडॉन (अमिनो आम्ल ठरवणारी डीएनएची तीन अक्षरे) टी-जी-जी आहे ना ते पाहावे. ट्रिप्टोफॅनला दुसरा कोडॉनच नाही, त्यामुळे तिथे वेगळे काही दिसले तर तुम्ही चुकीच्या चौकटीत वाचत आहात. तो टी-जी-जी बदलून जी-सीने सुरू होणारा अ‍ॅलनिनचा कोडॉन करावा, आणि बदललेला रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतो की नाही याची चाचणी पहिल्याच फेरीत लावावी, कारण रिसेप्टर वर आलाच नाही तर संकेत मिळाला नाही याचा अर्थ लावता येणार नाही.